बाराव्या माणसाचे पाय

मी, चर्चच्या आवाराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहणारी, सगळी मंडळी जिला चावीबाई म्हणते ती, वय वर्षे त्रेपन्न, धंदा चर्चची झाडलोट व चाव्या सांभाळणे, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्या दाबाखाली न येता आणि दुखण्याची एक गोळी सोडून पोटात दुसरं काहीही नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसाजे. 'ऐसाजे' म्हणजे काय ते मला माहीत नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवालीने नमुना दिला त्यात होतं. तिलाही माहीत नव्हतं, पण ते नसलं तर कागद कच्चा वाटतो म्हणाली, म्हणून घातलं. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट आहे, डोकं नाही.

परवा बुधवारी मी दवाखान्यात भरती होणार. पोटात गोळा आहे, तो काढायचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नव्वद टक्के काही होणार नाही." मी विचारलं, "आणि दहा टक्के?" तर त्या फाईल चाळायला लागल्या. हा कागद त्या दहा टक्क्यांसाठी.

कलम १. सहा वर्षांपूर्वी मोठ्या पाळकांनी त्यांच्या टेबलावर, त्यांच्या पेनाने, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत माझ्याकडून एक मृत्युपत्र लिहून घेतलं होतं. त्यात माझं घर चर्चला दिलं होतं. तो कागद मी आज रद्द करते. तेव्हाही मी शुद्धीत होते, फक्त अक्कल घरी ठेवून गेले होते.

कलम २. घर. दोन खोल्या, मोरी आतच, वर पत्रा. पूर्वेला चर्चच्या आवाराची भिंत, पश्चिमेला शिलाईवालीचं घर, उत्तरेला गटार, दक्षिणेला रस्ता. मालमत्ता स्वकष्टार्जित, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या कष्टाची. तो रंगारी होता. लोकांच्या भिंती घासून घासून त्याच्या छातीत धूळ बसली आणि तो गेला. रंग देण्याआधी तो भिंत पार खरवडून काढायचा. घरमालक कंटाळायचे, म्हणायचे, "अरे, फास की वरून." तो म्हणायचा, "वरून फासलं की पोपडा धरतो." पुढे अकरा वर्षं दर रविवारी प्रवचन ऐकताना मला त्याचं हे वाक्य आठवत आलं.

घर कोणाला, ते कलम ९ आणि १० मध्ये आहे. मोठ्या पाळकांनी पानं उलटून आधी तिकडे जाऊ नये. आम्हाला ते धीर धरायला सांगतात, आज स्वतः धरून बघावा.

कलम ३. बँकेत जे असेल ते माझ्या भाचीला. तिने मला दवाखान्यात नेलं-आणलं आणि एकदाही घड्याळ बघितलं नाही. लोखंडी खाट, शेगडी, पातेली तिलाच. भावजयीला माझ्या काचेच्या पाच बशा. सहावी बशी गेली दहा वर्षं तिच्याकडेच आहे, "मला काय माहीत ताई" म्हणून शपथ घेतली होती तिने. आता सेट पुरा होईल आणि तिला पाहुण्यांसमोर काढता येईल.

कलम ४. चर्चच्या अकरा चाव्या जुडग्यासह कमिटीला परत. मागच्या दाराची चावी डावीकडे झटका देऊन फिरवावी, नाहीतर अडकते. ह्या चाव्या मला म्हाताऱ्या पाळकांनी दिल्या होत्या, मोठ्या पाळकांच्या आधी होते ते. आवारातली नाली तुंबली की ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः हात घालायचे. मी ओरडायचे, "अहो साहेब, तुम्ही कशाला?" तर म्हणायचे, "यातली थोडी घाण माझीपण आहे, बाई." त्यांचा चर्चमध्ये एकही फोटो नाही. मोठ्या पाळकांचे चार आहेत, त्यातला एक संडासाकडे जायच्या वाटेवर.

चाव्या माझ्या कधीच नव्हत्या. पण एकोणीस वर्षं कमरेला राहिल्या म्हणून माझ्याच वाटायला लागल्या. हा रोग फक्त पाळकांना होतो असं नाही. खाली कलम ८ बघावं.

कलम ५. गुडघ्याखालची उशी. ही मोठ्या पाळकांना.

माणूस कोण ते सांगते. उंच, शिकलेला, गळा गोड, पँटीची इस्त्री अशी की भाजी चिरून घ्यावी. नम्रतेवर फार बोलतात. एका वर्षी सलग अठरा रविवार नम्रतेवर बोलले. बाराव्या रविवारी माईक खरखरला तर माईकवाल्याला सगळ्या मंडळीसमोर गाढव म्हणाले, आणि तेराव्या रविवारी नम्रता पुढे चालू.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्या चर्चमध्ये पाळकाने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून. तर ओल्या फरशीवर गुडघा टेकला की यांच्या पँटीला डाग पडतो. मला सांगून एक उशी शिवून घेतली. कापड फरशीच्याच रंगाचं, म्हणजे फोटोत दिसू नये. रंग त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडला. मी आजवर त्यांना इतकं मन लावून कुठलंही काम करताना बघितलं नाही. ही उशी त्यांनी वर जाताना सोबत न्यावी. तिथली फरशी कशी आहे, कोणाला ठाऊक.

कलम ६. पाय घासायची वज्री. हीसुद्धा मोठ्या पाळकांना, आणि का ते सगळ्यांनी नीट ऐकावं.

त्यांच्या पहिल्याच गुरुवारी बारा जणांत एक म्हातारी होती. टाचांना भेगा, भेगांत माती. मागच्या खोलीत येऊन रडायला लागली, "एवढ्या मोठ्या साहेबांपुढे असले पाय कसे करू गं?" मला दया आली. पाणी कोमट केलं, साबण लावला, माझ्या घरची वज्री आणून टाचा घासल्या. तिचं बघून बाकीच्यांनीही पाय पुढे केले. अर्ध्या तासात चोवीस पाय आरशासारखे. बाहेर मोठ्या पाळकांनी त्यावर सुरईतून धार सोडली, टॉवेल टेकवला, उशी पुढे सरकवली, फोटो निघाला. मंडळी डोळे पुसत होती.

उपासना संपल्यावर ते मागे आले. मला वाटलं आता रागावणार, की बाई, धुतलेले पाय मी काय धुवू? तर म्हणाले, "छान केलंत. दर वर्षी असंच करत जा. थोडी पावडर लावली तरी चालेल."

तेव्हापासून दर वर्षी पाय मी धुते आणि नम्र ते होतात.

पण हे ढोंग सुरू मीच केलं, ही नोंद इथे राहू दे. त्या म्हातारीला मी म्हणायला हवं होतं, "आई, असेच पाय घेऊन जा, त्यासाठीच तर ते खाली बसलेत." ते सोडून मी तिला धुऊन पुसून पाठवलं आणि साहेबांचे हात वाचवले. दयेने एकदा केलं आणि सवयीने अकरा वर्षं.

परवा शनिवारी मोठे पाळक आणि कमिटीचा सेक्रेटरी माझी तब्येत बघायला आले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं. "देव बरं करील बाई," म्हणाले. मग मान वर करून पत्रा बघितला, भिंतीला बोट लावून बघितलं. "सभागृह वाढवायचंय. तुमच्या नावाची पाटी लावू. तो कागद आहे ना जागेवर?" मी म्हटलं, "कागद जागेवर आहे." खोटं नव्हतं. निघाले. दारातून परत वळले.

"बाई, या गुरुवारी मागचं कोण बघेल?"

"मागचं म्हणजे?"

"अहो, पाय."

सेक्रेटरी लगेच म्हणाला, "शेजारच्या शिलाईवालीला सांगून ठेवा ना." शिलाईवाली माझं जेवण घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, "साहेब, माझ्याकडे फाटकं आणा. धुतलेलं परत धुवायचं काम मी घेत नाही."

वज्री त्यांनाच द्यावी. इतकी वर्षं त्यांचं काम तिनेच केलं आहे. निदान ओळख तरी होऊ दे.

कलम ७. हे कलम कशाचीही वाटणी करत नाही. टायपिंगवाली म्हणाली, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी लिहिते.

दोन वर्षांपूर्वीच्या गुरुवारी बारावा माणूस आलाच नाही. सेक्रेटरीचा मेहुणा होता तो, जिन्यात पाय मुरगळला. घंटेला दहा मिनिटं. तेव्हा आवाराची भिंत बांधायचं काम चालू होतं आणि गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारा माणूस नळावर पाणी पीत होता. मी त्याचं मनगट धरलं.

"चल, बस आत. बारावा हो."

"बाई, मी तुमच्यातला नाही."

"पायांना कोण विचारतंय? बस."

"अहो, पाय सिमेंटाचे आहेत."

"म्हणूनच तर धुतात. चल लवकर."

कोमट पाणी संपलं होतं, वेळही. तो तसाच बसला.

मोठे पाळक एकेक करत बाराव्यापाशी आले. बघितलं. त्या पायांवर सिमेंटाचा थर होता, कातडी फाटून आत लाल दिसत होतं. साहेबांचा हात थांबला. दात न उघडता म्हणाले, "याला कोणी आणलं?" मग उभ्यानेच सुरईतून वरून चार थेंब टाकले, झाडाला घालतात तसे, आणि पुढे गेले. त्या माणसाने पाय हळूच बाकाखाली घेतले. ते पाय मागे जाताना मी बघितले. दुसरं काही बघायला नको होतं मला त्या दिवशी.

धाकटे पाळक टॉवेल घेऊन मागून चालायचे. हाताखालचे पाळक, नुकतेच शिकून आलेले, बायको शाळेत शिकवायची. ते तिथेच खाली बसले. उशी पुढे गेली होती, पाण्यातच बसले. बाकाखाली हात घालून त्याचे पाय बाहेर काढले आणि मांडीवर घेतले.

"साहेब, राहू द्या. सिमेंट असं जात नाही," तो माणूस म्हणाला.

"ठाऊक आहे. दुखलं तर सांगा."

गायनमंडळाने तेच गीत तीनदा म्हटलं तरी धुणं संपेना. पायांखालच्या पितळी तसराळ्यातलं पाणी करडं झालं. पुढे मोठे पाळक आशीर्वादाला हात वर करून उभे होते आणि सगळी मंडळी मागे वळून बघत होती. हा धाकट्या पाळकांचा गुन्हा. पाय धुतले हा नाही. लोकांनी माना वळवल्या, हा.

कलम ८. पुढच्या मंगळवारी कमिटी बसली. ठपका असा की धाकट्या पाळकांनी मोठ्यांना खाली बघायला लावायचं म्हणून मुद्दाम बाहेरचा मळका माणूस आणून बसवला. सात पुरुष, टेबलावर बिस्किटं, वर पंखा घरघरत होता. मला बोलावलं. सेक्रेटरी म्हणाला, "चावीबाई, दार तुमच्या ताब्यात. तो माणूस आत कोणी आणला?"

मला एवढंच बोलायचं होतं: मी आणला. दोन शब्द. चौथी शिकलेल्या बाईलाही येतात.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी मागे पाणी तापवत होते."

चाव्यांचा जुडगा मी मुठीत घट्ट दाबून धरला होता, वाजू नये म्हणून. चाव्या जातील, आवारात येणं-जाणं बंद होईल, उद्यापासून मी फक्त रंगाऱ्याची विधवा, एवढंच डोक्यात होतं. धाकट्या पाळकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं पोर जिन्यावरून पडताना दिसावं आणि आपला हात पोचू नये, तसं. मग म्हणाले, "मी आणलं. बाईंना नका विचारू."

आठवड्यात त्यांनी सामान टेंपोत भरलं. सामान कसलं, पुस्तकं आणि एक कपाट. टेंपो गेल्यावर फाटकाला कुलूप मीच लावलं.

मोठ्या पाळकांनी एका माणसाचे पाय टाकले म्हणून मी त्यांना दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या देते आहे. मी तर अख्खा माणूस टाकला. आणि वर त्याच तोंडाने दर रविवारी "आमेन" म्हणते.

कलम ९. घर मी चर्चला देते, एका अटीवर. मी मेल्यावर माझे पाय मोठ्या पाळकांनी स्वतःच्या हाताने, उशी न घेता, सगळ्यांदेखत धुवावेत. आधी कोणी धुवायचे नाहीत.

हे कलम मी काल लिहिलं आणि आज खोडलं आहे, खोडलं तिथे सही केली आहे. लिहिल्यावर फार गार वाटलं, काल दिवसभर एकटीच हसत होते. आज सकाळी भांडी घासताना लक्षात आलं की तो धुईल. दोन खोल्यांसाठी माझेच काय, दहा मढ्यांचे धुईल आणि फोटोग्राफर दोन आणेल. घर तर जाईलच, वर नम्रतेचा दाखला त्याला माझ्याच पायांवरून मिळेल. आणि मी तरी काय करत होते? मेल्यावरसुद्धा एका माणसाला सगळ्यांसमोर खाली बसवून मजा बघायची होती मला. एका आवारात राहून त्याचं वारं मलाही लागलंच. कलम रद्द.

कलम १०. घर धाकट्या पाळकांना आणि त्यांच्या बायकोला, दोघांना मिळून. अट नाही, पाटी नाही. पितळी तसराळंही त्यांनाच. ते माझ्या आईचं आहे, चर्चचं नाही, सेक्रेटरीने यादीत घुसवलं असलं तरी.

ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला पंपदुरुस्तीच्या दुकानात काम करतात. रविवारी त्यांच्या भाड्याच्या खोलीत सात-आठ माणसं प्रार्थनेला जमतात, घरमालक कुरकुरतो. इथे कोणी कुरकुरणार नाही. चर्चच्या भिंतीला पाठ लावून खुशाल गावं. पलीकडे ऐकू गेलं तर जाऊ दे.

गेल्या महिन्यात माझं दुखणं कळल्यावर दोघं आली. बायकोने स्वयंपाक केला, त्यांनी भांडी घासली. मी म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय." ते म्हणाले, "मावशी, आधी हे पातेलं कुठे ठेवू ते सांगा." मी पातेल्याची जागा सांगितली. तेवढीच सांगितली.

कलम ११. माझ्या दफनाच्या वेळी, पेटी खाली सोडल्यावर, कलम ८ सेक्रेटरीने मोठ्याने वाचून दाखवावं, म्हणजे धाकट्या पाळकांवरचा ठपका पुसला जाईल.

हेही खोडलं आहे. कारण खाली.

कलम १२. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं टायपिंगवाली म्हणाली. म्हणून मी बाराव्या माणसाला साक्षीला बोलावलं. त्याला द्यायचं आहे ते मालमत्तेत धरत नाहीत. पलीकडच्या गल्लीत टाकीच्या कामावर आहे तो हल्ली. जेवणाच्या सुट्टीत आला आणि दारातच बसला, आत येईना, म्हणे फरशी खराब होईल. वाचता येत नाही म्हणून कलम ७ आणि ८ मी त्याला वाचून दाखवली. शिलाईवाली मशीन बंद करून ऐकत होती.

मी म्हटलं, "ऐकलंस? मी खोटं बोलले. माफ कर."

तो म्हणाला, "बाई, यात नवीन काय? मनगट धरून तुम्हीच तर बसवलं."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"विचारलं कोणी? ते सात जण माझ्याच पायांवर मीटिंग घेत होते आणि मी बाहेर त्यांचीच भिंत बांधत होतो. खिडकी उघडी होती. सगळं ऐकू येत होतं."

मीही उंबऱ्यावर त्याच्याजवळ बसले.

मग अकरावं कलम वाचलं, वाटलं हे तरी त्याला पटेल. तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे तुम्ही खाली पेटीत आणि वर ते वाचणार? तेव्हा तुम्हाला कोण काय बोलणार, बाई? सोपंच की मग."

शिलाईवाली फस्सकन हसली. मला राग आला आणि रागाच्या मागोमाग कळलं की बरोबर बोलला. साहेबांची उशी मी शिवली. ही मी माझ्यासाठी शिवत होते.

उद्या मंगळवार. कमिटी बसते आहे, गुरुवारच्या तयारीसाठी. मी जाणार. उभी राहून सांगणार की तो माणूस मी आणला, मी खोटं बोलले आणि धाकट्या पाळकांनी ते अंगावर घेतलं. त्यांना परत बोलावतील की नाही ते कमिटी जाणे. माझ्याकडून जे लपलं आहे ते उघडं होईल. चाव्याही उद्याच टेबलावर ठेवीन. मागच्या दाराचं तेवढं लक्षात ठेवा, डावीकडे झटका. गुरुवारी मागच्या खोलीत कोणी नसेल. बारा जण जसे येतील तसे येतील, आणि मोठ्या पाळकांना जे करायचं ते करोत.

मी हे लिहीत असताना तो माणूस म्हणाला, "मी पण येतो उद्या. विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर उभा राहीन. पण कामावरून थेट यावं लागेल. पाय धुऊन येऊ का?"

मी म्हटलं, तसाच ये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून ठेवले. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही माझीच.

सही: चावीबाई, स्वतःच्या हाताने.

साक्षीदार १, व या मृत्युपत्राची व्यवस्था बघणारी: शेजारची शिलाईवाली. सही केली आहे.

साक्षीदार २: माल कालवणारा. डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याला सिमेंट होतं, पहिला ठसा नीट उठला नाही, म्हणून शेजारी दुसरा घेतला आहे. दोन्ही त्याचेच.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, दार उघडं.
तारीख: सोमवार, ३० मार्च २०२६.